तिसरी तक्रार

विमा कंपनीच्या तपासनिसाचा एक नियम होता: दोनापेक्षा जास्त दुखणी सांगणारा माणूस थापा मारतो. उभी नोकरी त्याने याच नियमावर लोकांचे दावे फेटाळण्यात घालवली. त्यामुळे स्वतः इस्पितळात आल्यावर त्याने दोनच सांगितली. दम लागतो, आणि श्वास घेताना छातीत टोचतं.

घराजवळच्या डॉक्टरांनी आधी पित्त ठरवलं होतं, मग न्यूमोनिया. गोळ्या संपल्या, दम होता तिथेच.

इथली डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या मुलीएवढी. "छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. आपण स्कॅन करू या."

"एक्स-रे स्वच्छ, मग स्कॅन कशाला?" हे वाक्य तो झोपेतही म्हणू शकला असता.

"म्हणूनच. एक्स-रेत काही नाही, तरी रक्तात ऑक्सिजन कमी आणि नाडी पळतेय. मला संशय येतोय."

"संशय हा माझा धंदा आहे, बाई. तुम्ही औषध द्या."

"आणखी काही होतंय?"

"नाही."

शेजारी बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. "अहो, पायाचं सांगा की."

"पायाचा इथे काय संबंध?"

"घरी पोटरी चोळून घेता माझ्याकडून, आणि इथे तोंडात गुळणी?"

"अगं, तिसरी तक्रार होते ती!" तो धापा टाकत कुजबुजला.

डॉक्टरीणबाईंनी चादर सरकवली. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच सुजलेली, हाताला गरम.

"अलीकडे खूप वेळ एका जागी बसून होता?"

"ऑफिसचं काम होतं."

"गाडीत," बायको म्हणाली. "आठवडाभर. कंबर धरलीय म्हणणारा एक माणूस चोरून वाकतो का, ते बघायला."

"मग, वाकला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

स्कॅनमध्ये फुफ्फुसात अडकलेल्या गुठळ्या दिसल्या. पोटरीतून सुटून वर गेलेल्या. रक्त पातळ करणारं इंजेक्शन लगेच सुरू झालं.

बायकोने दोन दुखण्यांचा नियम सांगून टाकला. "तो आणखी थोडा पाळला असतात," डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, "तर तक्रार करायला तुम्ही उरला नसता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज आणखी काही?"

तपासनिसाने घसा साफ केला. पाठ, गुडघा, तोंडाला चव नाही, डाव्या कानाने ऐकू कमी येतं, शिवाय उशी टणक.

बायको त्याच्याकडे रोखून बघत होती.

"बाकीचं बघा तुम्ही," ती म्हणाली. "कानाचं खोटं आहे. पायाचं सांगा म्हटलेलं काल बरोबर ऐकू आलं होतं."