समृद्धीचं खरं वजन

मित्रांनो, मी एक जुना टांगता वजनकाटा आहे आणि आज मी फार रागात आहे.

गोल तबकडी, एक लाल सुई, वर कडी आणि खाली हूक, एवढंच माझं शरीर. अणदूरच्या पुढच्या एका गावातल्या अंगणवाडीत सतरा वर्षं मी आढ्याला लटकलो. हुकाला झोळी अडकवायची, झोळीत लेकरू ठेवायचं, त्यानं भोकाड पसरायचं आणि मी वजन दाखवायचं. कुणाचं तोंड बघून मी कधी सुई हलवली नाही. माणसं मात्र तोंड बघायची. गावाबाहेरच्या पारधी वस्तीतल्या लेकरांची पाळी सगळ्यांत शेवटी, आणि त्यांच्यासाठी झोळीसुद्धा वेगळी. मला याची भारी चीड यायची.

वस्तीतल्या बानूबाईंची नात समृद्धी अकरा महिन्यांची असताना मी तिचं वजन सहा किलो चारशे दाखवलं. जरा कमीच होतं. नेमक्या त्या दिवशी तपासणीला वरच्या बाई आल्या होत्या. त्यांनी समृद्धीच्या आईला, दैवशालाला विचारलं, "काय खायला घालता हिला?"

"हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, बाई. तरोट्याची भाजी भाकरीत कुस्करून. गावलं तर अंडं."

"हुलगे बैलाला घालतात! तुम्ही लोक सुधारणार कधी? हे पाकीट घ्या. हेच द्यायचं."

जमलेल्या बायका हसल्या. थंडीत घरोघरी शेंगोळे करून खाणाऱ्या याच बायका! शेंगोळे कसल्या पिठाचे असतात, विचारा त्यांना. हुलग्याच्याच! आणि पाकिटातलं गोड पीठ लेकरं थुंकून टाकतात, शेवटी ते शेळ्या खातात, हेही साऱ्या गावाला ठाऊक होतं. बोललं कुणीच नाही.

दैवशाला मान खाली घालून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं माडगं बंद केलं. ते पीठ समृद्धीच्या घशाखाली उतरेना, म्हणून ती चहात बिस्कीट बुडवून भरवू लागली. आपल्याला कुणी अडाणी म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं. दोन महिन्यांनी समृद्धी माझ्या झोळीत बसली, तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. सुई पाच किलो आठशेवर थांबली.

सेविका शिवरंजनीताई घाबरल्या. गावात एकही लेकरू वाढीच्या तक्त्यातल्या लाल रेघेखाली नाही, असं त्यांनी नुकतंच वर कळवलं होतं. त्यांनी समृद्धीला उतरवलं आणि माझ्या डोक्यावरचा छोटा स्क्रू फिरवला. मी रिकामाच एक किलो दाखवू लागलो. मग तिला पुन्हा बसवलं. सहा किलो आठशे!

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. लाल रेघेखालच्या लेकराला दवाखान्यात पाठवायचं असतं. समृद्धीचा तो हक्क माझ्याच सुईनं हिरावून घेतला.

पोर वाढली असं ऐकून दैवशाला खुशीत घरी गेली. तासाभरात बानूबाई ताडताड चालत आल्या. कडेवर समृद्धी, पदरात काहीतरी जड. पूर्वी त्यांचे मालक लावे-तितर धरायचे आणि बानूबाई ते हातावर जोखून बाजारात विकायच्या. कायद्यानं शिकार थांबली, घरात जाळं उरलं नाही. हाताचा अंदाज मात्र तसाच राहिला.

"ताई, पोर वाढली म्हंता? माझ्या हाताला तर हलकी लागतीया."

"आजी, काट्यापेक्षा तुमचा हात खरा का?"

"व्हय. बघा की." हणमंतप्पांच्या दुकानातून मागून आणलेलं पाच किलोचं लोखंडी वजन त्यांनी झोळीत ठेवलं. सुई सहावर गेली.

शिवरंजनीताईंचा चेहरा पडला. "वरून विचारतात हो, आजी. लाल लेकरू निघालं की मलाच बोलणी बसतात."

"तुमास्नी बोलणी, आन् माझ्या नातीचा जीव?" बानूबाईंचा आवाज चिरकला. "आमचं अन्न तुमी बैलाचं ठरिवलं. पोरीनं लाजून बंद केलं. लेकरू उपाशी हाय, ताई. लई उपाशी हाय."

ताईंनी स्क्रू मागे फिरवला आणि समृद्धीचं खरं वजन लिहिलं. त्याच दुपारी समृद्धी एसटीनं दवाखान्यात गेली.

ती परत आली ती हातपाय झाडत, आरडाओरडा करत. वस्तीवर पुन्हा माडगं शिजू लागलं. महिन्याभरात मी साडेसहा किलो दाखवले आणि मला केवढा आनंद झाला! पण वरच्या बाईंनी वहीत लिहिलं, 'पाकिटातील आहारामुळे वजन वाढले.' आणि मागच्या पाच किलो आठशेपुढे शेरा मारला, 'काटा नादुरुस्त.' तशीच चिठ्ठी माझ्या तबकडीवर डकवून मला अडगळीत टाकलं. म्हणजे लेकरू उपाशी नव्हतंच, मीच बिघडलो होतो!

मित्रांनो, मला पुसून पुन्हा टांगा, असं मी म्हणत नाही. माझ्या जागी आलेला नवा काटाही खरंच बोलेल, त्याचा स्क्रू तेवढा कुणाला फिरवू देऊ नका. आणि कुणाची आई म्हणाली की तिनं लेकराला हुलग्याचं माडगं घातलं, तर हसू नका. त्या गावच्या एका हसण्यानं समृद्धीचं वजन सहाशे ग्रॅम उतरलं होतं. ते मी स्वतः मोजलं आहे.