फळीवरच्या विहिणी

लेकीला सकाळपासून मळमळत होतं. जावई लॉजवर तिच्या उशाशी बसला. मग हिमनदीपर्यंत चालत जायला उरलं कोण? मी आणि माझ्या विहीणबाई. आली का पंचाईत!

त्यात आमच्यात एक प्रश्न लोंबकळत होता. लेकीला दिवस गेलेत आणि तिच्या घरात पाहुण्यांना खोली एकच. बाळंतपणाला राहायचं कोणी? "तुम्ही दोघी ठरवा," म्हणून लेक मोकळी झाली. मी ठरवलंच होतं, माझी लेक, मीच राहणार. आज वाटेत विषय निकालात काढायचा.

पण बोलणार कधी? बाई दर वळणावर थांबायच्या. इथे फूल बघ, तिथे दगड बघ. मी आपली तरातरा पुढे.

"अहो, तोवर बर्फ वितळेल तिकडे!" मी ओरडले.

त्या नुसत्या हसल्या. राग म्हणून येत नाही बाईला!

शेवटी बर्फ दिसला. कडेला मातकट, आत निळा. त्याच्या अलीकडे ओढा फेसाळत होता आणि त्यावर एक फळी टाकलेली. विहीणबाई सहज पार झाल्या. मी मधोमध पोचले, खाली पाण्याकडे पाहिलं आणि संपलंच. धड पुढे नाही, धड मागे नाही.

त्या परत फळीवर आल्या. माझे दोन्ही हात धरले आणि उलट्या पावलांनी मला नेऊ लागल्या.

"माझ्याकडे बघा. पाणी पळतंय तर पळू दे, आपल्याला कुठे घाई आहे?"

पलीकडे पोचून आम्ही बर्फावर हात ठेवले. बोटं गारठली, पण काय सुख वाटलं म्हणून सांगू! दोघी पोरींसारख्या हसत सुटलो.

मग त्याच म्हणाल्या, "बाळंतपणाला तुम्हीच राहा. मला तिन्ही मुलगेच, लेकीच्या उशाशी बसायची हौस होती खरी. पण आई ती आईच."

जिंकले की मी! पण ज्या हातांनी मला आत्ता धीर दिला, ते माझ्या लेकीला नकोत म्हणणारी मी कोण?

"खोली एक असली म्हणून काय झालं?" मी म्हणाले. "एक पलंगावर, एक खाली गादीवर. दोघी राहू."

त्यांनी डोळे पुसले. "पण मी घोरते हो."

"ऐकतेय की रोज लॉजवर! तरी म्हणतेय ना?"