यादीला घातलेलं कुलूप

महिन्याची पहिली तारीख म्हणजे शालूचं यादी छापायचं काम. सकाळी नऊला ती गावकी कमिटीची खोली उघडून संगणकावरचं प्लास्टिकचं आवरण काढून घडी घाली आणि प्रिंटर खरखरत कागद बाहेर टाकू लागला की पान न् पान तपासून घेई. पाड्यातली एकशे बारा घरं. घर नंबर, कर्ता माणूस, घरातली माणसं आणि शेवटचा रकाना : व्यवहार. बहुतेकांपुढे ‘चालू’. चार घरांपुढे ‘बंद’.

बाळकुमच्या पलीकडे खाडीकाठी हा जुना पाडा. १९९७ साली त्याच्या तिन्ही बाजूंना इमारतींचे पाये खणले जात होते. एका बिल्डरनेच कमिटीला संगणक भेट दिला होता आणि तो चालवायला ठाण्याच्या क्लासात शिकलेली पाड्यातली एकटी शालूच होती. यंत्र नवं होतं, यादी जुनी. ‘बंद’ म्हणजे वाळीत. त्या घराशी बोलायचं नाही, त्यांना नळावर येऊ द्यायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही, मयताला जायचं नाही.

घर नंबर एक्केचाळीस भागीरथीचं. तिचा नवरा सीताराम आणि मुलगा एकाच वर्षी गेले. मागे राहिली विशीतली विधवा सून, जनी. दोन वर्षं भागीरथीने तिचं मोकळं कपाळ पाहिलं आणि मग मानपाड्याच्या कारखान्यातल्या एका फिटरशी तिचं लग्न स्वतः लावून दिलं. तो दुसऱ्या जातीचा होता. आठ दिवसांत एक्केचाळीस नंबरपुढे ‘बंद’ लागलं.

यादी पूर्वी वहीत असे. वहीतलं एक नाव कुणीतरी चोरून खोडलं होतं आणि कुणी ते कधीच कळलं नाही. म्हणून मुख्य पंच दामाजीने शालूला विचारलं की यंत्रात कुलूप असतं का. तिने सांगितलं, असतं. पासवर्ड घातला की यादी वाचता येते, छापता येते, पण तो शब्द दिल्याशिवाय एक अक्षरही बदलत नाही. दामाजीला की-बोर्डवरची अक्षरं ओळखता येत नव्हती. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं, शब्द तिच्या कानात सांगितला आणि तिने टाइप केला. पडद्यावर अक्षरांऐवजी बारा चांदण्या उमटल्या. मग गावदेवीपुढे नेऊन त्याने तिला तो शब्द कुणाला न सांगण्याची शपथ घातली. छापील यादीत असेल तेच खरं, पेनाने खोडलेलं चालणार नाही, असा ठरावही झाला.

होळीच्या बैठकीत पंच नरमले. भागीरथीने देवीची ओटी भरावी आणि तिला पुन्हा गावात घ्यावं, असं ठरलं. तिने ओटी भरली. सोमवारी नाव बदलून घेतो, असं दामाजी म्हणाला. त्याआधीच, शनिवारी, त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ठाण्याच्या दवाखान्यात तो डोळे उघडे ठेवून पडून राहिला.

दुसरा पंच दौलत सगळ्यांना एकच सांगू लागला. निर्णय झालेला आहे, पण यादी बदलल्याशिवाय लागू होत नाही, आणि यादीला कुलूप आहे. लोकांनी माना डोलावल्या. कुलूप आहे म्हटल्यावर कुणालाच काही करावं लागत नव्हतं.

शालूने घरी बापाला सांगितलं, शब्द मला ठाऊक आहे. धाकू जाळं विणत होता. त्याने सुई थांबवली.

“देवीची शपथ हाय तुना. आनि तुजे भावाचा, चंदूचा लगीन वैशाखान. आपलेला कोन विचारलाय का? नाय ना? मंग गप ऱ्हा.”

ती गप्प राहिली. दामाजी पडल्याच्या चौथ्या दिवशी भागीरथी तिला वाटेत भेटली. हातात रिकामी कळशी होती.

“बाय, माजा नाव काढलास का गो?”

“दामाजी काका बोलत नाहीत, मावशी.”

हे वाक्य खरं होतं. शालूला त्यानंतर ते अनेकदा आठवलं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

नळावर बंदी असल्यामुळे भागीरथी इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यातलं पाणी गाळून पीत असे. कापडाने गाळ अडतो, रोगजंतू अडत नाहीत. दहाव्या दिवशी तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तांब्याभर उकळलेलं पाणी, मूठभर साखर, चिमूटभर मीठ, आणि ते दर थोड्या वेळाने पाजायला एक माणूस, एवढं त्या दिवशी पुरलं असतं. शेजारच्या घरी तिचं कण्हणं ऐकू जात होतं. कमिटीच्या खोलीत टेलिफोन होता आणि जनीच्या नवऱ्याच्या कारखान्याचा नंबर भिंतीवरच्या वहीत होता. बाराव्या दिवशी सकाळी शालूने तो फिरवला. जनी रिक्षा करून दुपारी पोहोचली तेव्हा सासूचे हात गार झाले होते.

कारखान्यातले चौघे टेम्पो घेऊन आले. पाड्यातली दारं अर्धवट उघडी होती. जनीने तिरडी बांधताना मान वर करून एकदाही कुणाकडे पाहिलं नाही.

कमिटीच्या खोलीत पंच बसले होते. मयताला जावं की नाही यावर बोलणं चाललं होतं. दौलत म्हणाला, “आमी तर तिला माफ केलीवती. पन कुलूपच हाय, त्याला आमी काय करनार?”

शालू आत आली आणि संगणकासमोर बसली.

“दामाजी काकांना टायपिंग येत नाही,” ती म्हणाली. “हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मग तो शब्द कुणाच्या बोटांनी घातला असेल? बारा दिवसांत एकानेही मला विचारलं नाही.”

 दारात धाकू उभा होता.

“आणि मीही सांगितलं नाही. ते माझ्याकडे राहील.”

मग तिने शपथ मोडली. शब्द मोठ्याने म्हणत एकेक इंग्रजी अक्षर दाबलं : चंद्रभागा. दामाजीच्या आईचं नाव. आणि दामाजी व भागीरथीचा नवरा सीताराम वीस वर्षं भागीदारीत ज्या होडीने खाडीत जात, त्या होडीचंही. बसलेल्यांपैकी एका म्हाताऱ्याने डोळ्यांवर पंचा धरला.

एक्केचाळीस नंबरपुढचं ‘बंद’ तिने पुसलं. ‘चालू’ लिहायला गेली, आणि बोटं थांबली. रकाना कोराच ठेवला.

दौलत उठला. म्हणाला, झालं ते झालं, आता पुन्हा कुलूप घाल आणि नवा शब्द मला सांग.

“नाही घालणार,” शालू म्हणाली. “आता यादी उघडीच राहील. ज्याला बदलायची त्याने सगळ्यांसमोर बदलावी. अजून तीन घरं बंद आहेत. पहिलं घर नऊ नंबर. काय लिहू?”

बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. तिचं बोट की-बोर्डवर होतं. तिने मागे वळून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि उत्तराची वाट पाहत बसून राहिली.