माझ्या झिजलेल्या कड्या

ऐकताय ना? मी नेवाशाच्या सूर्यभानअण्णांची गळाची काठी बोलतेय. सध्या त्यांच्या घरासमोरच्या गॅरेजात टेबलावर आडवी पडले आहे. अंगावर एकही कडी उरलेली नाही. अशा उघड्याबोडक्या अवस्थेत बोलायला लाज वाटते, पण आज बोलणं भाग आहे.

मूळची मी अकोले तालुक्याच्या डोंगरातली. अण्णा राजूरला एका लग्नाला आले होते. बाजारातल्या बांबूंच्या ढिगातून त्यांनी मला उचललं, डोळ्याशी धरून सरळपणा पाहिला आणि लग्नाचा आहेर एसटी स्टँडवर विसरून मला मात्र नीट घरी आणलं. बनाबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, तो विषय अजून काढतात.

अण्णा तेव्हा साखर कारखान्यात फिटर होते. त्यांनी मला चुलीच्या धुरावर सुकवलं, स्टीलच्या तारेच्या सहा कड्या वळवल्या आणि एकेक कडी रेशमी दोऱ्याने माझ्या अंगावर बांधली. कड्यांतून तंगूस, म्हणजे गळाची बारीक नायलॉन दोरी, ओवलं, खाली छोटं रीळ बसवलं, मुठीला सुताची दोरी गुंडाळली. इतकं सुबक काम की बघणारा आधी मला हातात घ्यायचा, मासा किती मोठा ते नंतर विचारायचा.

अठरा वर्षं आम्ही प्रवरेच्या काठी बसलो. गळ टाकणारी माणसं एरवी देवभोळी, पण माशाच्या लांबीबद्दल बेधडक खोटं बोलतात. वीतभर मासा घरी पोचेपर्यंत हातभर होतो. अण्णा मात्र खरं तेच सांगायचे. निदान गेल्या वर्षापर्यंत.

त्यांची मुलगी पंकजा. आयटीआय करून तिने हे दुचाकीचं गॅरेज टाकलं. अण्णांनी तिला एकच गोष्ट शंभरदा शिकवली. ‘‘नवा पार्ट लावायची घाई करू नको. जुना काढ, हातात घे, कुठल्या अंगाला झिजलाय ते बघ. पार्ट उगा झिजत न्हाई.’’ आणि झिजलेल्या पार्टवर टेप गुंडाळून गाडी देणारा कुणी दिसला, की अण्णांचा पारा चढायचा.

त्याच अण्णांनी गेल्या दिवाळीनंतर माझ्या सैल कड्यांवर काळी टेप गुंडाळली. मला केवढा राग आला! दोरा बांधायचा कंटाळा केला असं वाटलं. मग हळूहळू कळलं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं दोरा धरूच शकत नव्हती.

नदीवरही ते मला मुठीत धरेनासे झाले. माझं बूड उजव्या काखेत दाबायचे आणि सगळं डाव्या हाताने करायचे. त्यामुळे मी कलायचे, तंगूस कड्यांच्या एकाच बाजूला घासायचं. पोलाद असलं तरी रोजच्या घासण्याने त्याला खाच पडतेच. त्या खाचेत अडकून तंगूस तीनदा तुटलं. तिसऱ्यांदा गळाला मोठी मरळ लागली होती. तिला आवरताना अण्णांचा पाय ओल्या पायरीवरून सरकला आणि ते कमरेइतक्या पाण्यात गेले. घाटावर चिटपाखरू नव्हतं. मी दोन दगडांत अडकले होते, मला डाव्या हाताने धरून ते कसेबसे वर आले. मला म्हणाले, ‘‘घरी कळलं तर नदी बंद हुईल गं.’’

घरी त्यांनी सांगितलं, गळ अडकला होता, सोडवायला पाण्यात उतरलो. मी कोपऱ्यात उभी होते. मला ओरडून सांगायचं होतं, पण काठीला तोंड कुठलं?

आज दुपारी बनाबाईंनीच मला पंकजासमोर आणून टाकलं. ‘‘बघ गं, हिला काय झालंय. सारखं तंगूस तुटतं म्हनतात.’’

पंकजाने टेप बघितली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ‘‘अण्णा आन् टेप?’’ तिने टेप सोलली, ब्लेडने जुना दोरा हलक्या हाताने कापला आणि एकेक कडी काढून बोटावर फिरवली. साऱ्या कड्यांना एकाच बाजूला ताजी, चकचकीत खाच. मग तिने माझी मूठ पाहिली. अण्णांच्या अंगठ्याची जागा, जी इतकी वर्षं तुळतुळीत होती, तिथे धूळ बसली होती. बूड मात्र सदऱ्याला घासून गुळगुळीत झालं होतं. तिने मला आपल्या उजव्या काखेत दाबून बघितलं. मग तिने अण्णांना हाक मारली.

‘‘अण्णा, उजवा हात कधीपास्नं चालत न्हाई?’’

‘‘काय बोलतीस? ठणठणीत हाय.’’

‘‘मग ही कडी बांधून दावा.’’

अण्णांनी कडी घेतली. ती फरशीवर पडली. उचलून पुन्हा धरली, पुन्हा पडली. बनाबाई जवळ आल्या. ‘‘म्हनून भाकरी नको म्हनता व्हय? भाकरी मोडत न्हाई म्हनून रोज भात खाता?’’

अण्णा मान खाली घालून म्हणाले, ‘‘गेल्या महिन्यात मी पाय घसरून नदीत पडलो हुतो. लई भ्यालो. तुमाला सांगितलं न्हाई.’’

पंकजाने त्यांचा उजवा हात आपल्या ग्रीस लागलेल्या हातात घेतला आणि ती रडली. मलाही फार वाईट वाटलं, पण खरं सांगते, तितकंच हायसंही वाटलं.

‘‘उद्या सकाळी नगरला जायचं. डॉक्टरकडं,’’ ती म्हणाली.

‘‘जाऊ की. आधी काठी तर पुरी कर. आठवडाभरानं जाऊ.’’

बघा, माझ्या आडून पळवाट काढतायत! माणूस घाबरला की असाच कामाचं निमित्त करतो. पंकजाच्या हातात सहा नव्या कड्या आहेत, शेजारी दोरा आहे. अण्णा तिच्याकडे बघतायत.

पंकजा, माझं ऐक. नको बसवूस. मला अशीच राहू दे, पावसाळाभर राहू दे. पहिल्या गाडीने अण्णांना घेऊन जा. डॉक्टर काय म्हणतील मला ठाऊक नाही. हात बरा झाला तर माझ्या कड्या तेच बांधतील. नाही झाला, तर मला चुलीत घाल. पण त्यांना घाटावर एकटं सोडू नकोस.

तिने कड्या परत पुडीत टाकल्या, आणि शटर खाली ओढलं.