उरलेल्या अस्थी

त्या मंगळवारी चिझुरूची आई ओसाकातल्या घरी खिडकीशी बसून सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा तोडत होती. तोडता तोडता, बाजारातून मीठ आणायला सांगावं तशी म्हणाली, "तुझ्या बाबांना अर्धंच आणलं आपण. मला मेलीला तरी सगळी आणा गं."

आई उत्तरेकडची, अकिताची. तिकडे दहनानंतर सगळ्या अस्थी सावडून नेतात. ओसाकात निवडक हाडं वितीएवढ्या कलशात घेतात, बाकीची तिथेच सोडतात. पंचावन्न वर्षं इथे काढूनही आईला ते पटलं नव्हतं, आणि तिच्या बोलण्यातला अकिताचा हेलही गेला नव्हता.

"आणेन. पण हळू बोल, खिडकी उघडी आहे."

"मग? चोरी केलीय का मी?"

चिझुरूने उठून खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाने दोन कलश पुढे ठेवले. "आई अकिताच्या ना, म्हणून मोठाही आणलाय."

"अगंबाई!" नणंद वाकाको म्हणाली. "एवढा? लोणचं घालायचंय की काय?"

सासरची माणसं तोंडाला रुमाल लावून हसली. चिझुरूही हसली. आईची शवपेटी चार हातांच्या अंतरावर होती.

"लहानच द्या," ती म्हणाली.

दहनानंतर चिझुरू आणि वाकाको दोघींनी लांब काड्यांनी हाडं उचलली. कलश लगेच भरला. मांड्यांची हाडं, बरगड्या, पाठीचे मणके तबकातच राहिले. उरलेल्या अस्थींवर आपला हक्क नाही, अशा अर्थाच्या कागदावर चिझुरूने सही केली. सही नेहमीसारखीच सुबक आली.

नऊ दिवसांनी ती दहनगृहाच्या कचेरीत एकटी गेली. ओकुनो नावाच्या कारकुनाने कागद शोधून काढला.

"तुम्ही सावडल्यात त्या तुमच्या. सोडल्यात त्या पालिकेच्या. कायदाच तसा आहे, बाई."

"पण आई माझी आहे."

"त्याला कोण नाही म्हणतंय? पण सही तुमची आहे." मग तो जरा वरमला. "दातातलं सोनं वगैरे वेगळं काढून विकतात. बाकी सगळ्यांचं एकत्र पुरतात."

"तिच्या गुडघ्यात धातूचा सांधा होता."

"तोही जातो त्यातच."

गेल्या वर्षी त्याच गुडघ्यावर हात ठेवून आई देवळाच्या पायऱ्या चढली होती. चिझुरू चार पायऱ्या पुढे होती, ओळख नसल्यासारखी.

"गडबडीत चूक झाली माझी," ती म्हणाली.

ओकुनोने आजूबाजूला पाहिलं. "त्या आठवड्याची पोती अजून गेलेली नाहीत. पण सगळं मिसळलंय. आईच्याच मिळतील असं नाही; मूठभर दिल्या तरी कुणाच्या ते देव जाणे. तरी अर्ज करा, साहेबांपुढे ठेवतो." त्याने पेन उघडलं. "कारण काय लिहू? गैरसमज झाला, असं लिहितो. सगळे तेच लिहितात."

"नाही."

"मग?"

तिच्यामागे बाकावर तीन-चार माणसं बसली होती. तिने आवाज खाली आणला नाही.

"लिहा, मला माझ्या आईची लाज वाटायची. लहानपणापासून. लोक हसतील म्हणून मी तिला इथे टाकून गेले."