मानाने पसरलेला रोग

टोंकखुर्दच्या वाटेवर मानसिंगरावांची आडूची, म्हणजे पीचची, बाग आहे. झाडं एकवीस, पण रावांसमोर त्यांना झाडं म्हणायची सोय नाही. पणजोबांनी देवासच्या दरबारात मुजरे केलेले. दरबार गेला, मुजऱ्याची खाज राहिली. म्हणून रावांनी वीस झाडांना हुद्दे वाटले. विहिरीपाशी दिवाणजी, पार फाटकाशी सेनापती, मधेच कुठेतरी खजिनदार. रोज पहाटे दव असतानाच राव हुद्द्याच्या क्रमाने फिरत आणि प्रत्येकाचं ओलं पान चिमटीत धरून, कपाळाला लावून मुजरा करत. एकविसावं उकिरड्यावर, कुणीतरी थुंकलेल्या बीतून उगवलेलं. त्याला ना हुद्दा, ना मुजरा.

यंदा दिवाणजींच्या पानांना डाग पडले, डाग गळून पानांची चाळणी झाली. इंदूरहून भाची अल्पना आली; ती झाडांची डॉक्टर. पानाची कड कापून तिने थेंबभर पाण्यात ठेवली, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. दुधाळ धूर निघाला.

"जिवाणू, मामा. हे उपटा. रोग नाही थांबला, तर सगळी बाग काढावी लागेल."

दिवाणजी उपटले. आठवड्याने रोग सेनापतीला! मधल्या झाडांना ओरखडाही नाही. मग उलटा येऊन खजिनदाराला. महिन्याभरात चार मानकरी गेले.

अल्पना नकाशा काढून चक्रावली. "वाऱ्याचा रोग शेजारी जातो. हा उड्या काय मारतोय?"

"रीत पाळतोय!" रावांची मान ताठ झाली. "थोरल्याआधी धाकट्याकडे जात नाही. खानदानी जिवाणू आहे तो."

"मग पुढे कोण?"

"फडणीस."

फडणिसांच्या पानावर चार डाग निघालेच. चहा घेऊन आलेल्या कुसुमावतीबाई म्हणाल्या, "अगं, त्याची पालखी कोण वाहतंय ते बघ की!" आणि नवऱ्याचा अंगठा पुढे ओढला.

अंगठा धुतलेल्या पाण्याचा थेंब अल्पनाने पाहिला. "मामा, इथे तर दरबार भरलाय."

रावांनी अंगठा पाठीमागे लपवला. "मुजरा बंद केला तर मी कोण?"

"आणि झाडंच संपली तर मुजरा कुणाला? विजेच्या खांबाला?" बाईंनी विचारलं.

फडणीस उपटले, तसं रावांनी बाईंचं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ते हात पाठीशी बांधून फाटकातच उभे राहू लागले. रोगाचं वाहन बंद झालं. पंधरा मानकरी वाचले.

मे महिन्यात उकिरड्यावरचं झाड फळांनी वाकलं. तसं फळ ना दिवाणजींना कधी आलं, ना सेनापतींना. रावांना भरून आलं. "ह्याला सरदारकी द्यायलाच हवी!" म्हणत त्यांनी हात पुढे केला.

"खबरदार!" बाई ओरडल्या. "पाच जण मानानेच मेलेत!"

रावांनी हात मागे बांधले. पण पिकलेला आडू नाकासमोर. शेवटी ते कमरेतून पार वाकले आणि तोंडानेच फळाला चावले.

रस दाढीवरून ओघळला. मुजरा मात्र असा झाला, की पणजोबाही शाबास म्हणाले असते. बाईंनी पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघितलं.