एका नंबराचे अकरा रुग्ण

केंद्रांवरून येणारी रोगांची माहिती संगणकावर तपासायची, हे माझं बारा वर्षांचं काम. नर्स रुग्ण भरतात, नकाशावर ती ती वस्ती हिरवी, पिवळी नाहीतर लाल होते. लाल झाली की साहेब उठतात. हिरवी असली की चहा घेतात.

त्या दिवशी दुपारी तीनला धरणाखालची वस्ती हिरवीगार होती. आठवड्यात जुलाबाचा रुग्ण एक. पण त्या एकाच्या केंद्रात फेऱ्या अकरा. म्हटलं, हा कोण बहाद्दर? उघडून बघितलं, तर खाली मोबाईल नंबर माझ्या धाकट्या जावेचा.

ती तिथल्या केंद्रात नर्स आहे. दोन वर्षं आमचं बोलणं बंद. सासूबाईंचं शिलाई मशीन कोणी न्यायचं यावरून फिसकटलं, आणि मीही काही कमी नाही. पण प्रकार लगेच ध्यानात आला. वस्तीत निम्म्या लोकांकडे मोबाईल नाही, नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, म्हणून बाईसाहेब प्रत्येकाला स्वतःचाच नंबर टाकत होत्या. आणि आमचा शहाणा संगणक नंबर एक दिसला की माणूसही एकच धरतो. पहिल्याचं नाव ठेवतो, बाकीची गिळतो.

तडक साहेबांकडे गेले. "साहेब, हे अकरा जण आहेत. पाण्यातून पसरतंय. पाचला नळ येतात, त्याआधी टाकी बंद करायला सांगा."

"बाई, स्क्रीन हिरवी आहे. तुमच्या अंदाजावर तीन हजार लोकांचं पाणी तोडू?"

"नावं हवीत ना तुम्हाला? देते."

त्यांच्याच टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकला आणि नंबर लावला. पाठ होता. भांडलं म्हणून नंबर थोडाच विसरतो?

"मी बोलतेय," मी म्हटलं.

"बोला, जाऊबाई." आवाज पार खोल गेलेला. मला वाटलं, अजून रुसवाच आहे.

"जुलाबाची वही घे आणि नाव, वय, घर वाचत जा. साहेब ऐकतायत."

तिने वाचलं. शाळेतली दोन भावंडं. म्हातारा सुतार. सातवा महिना लागलेली एक बाई. सगळी घरं टाकीखालच्या उतारावरची. आठव्या नावाला साहेबांनी चहा बाजूला सारला आणि मोबाईलवरून पाणीपुरवठ्याच्या माणसाला सांगितलं, "टाकी बंद. कारण नंतर विचारा." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

"दहा झाले," मी म्हटलं. "अकरावं नाव?"

वही मिटल्याचा आवाज आला.

"अगं, अकरावं कोण?"

"मीच की. कालपासून. नंबरही माझा, माणूसही मीच. एवढं एक तुमच्या संगणकाचं बरोबर आहे." हसायला गेली, पण दम पुरला नाही. "पोरांची सलाईनं लावून झालीत. मग जरा आडवी झाले."

तो रुसवा नव्हताच. आणि आज हा नंबर दिसला नसता तर मी तिला फोन केलाच नसता, याची मला लाज वाटली.

"आता कोणाला हात लावू नकोस. उकळलेल्या पाण्यात मीठसाखर घालून पीत राहा. मी निघालेय."

"आणि तुमचं ऑफिस?"

"ऑफिस गेलं खड्ड्यात." साहेब समोरच होते. त्यांनी जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली. "आणि हे बघ, दाराला कडी लावू नकोस. उगाच उठावं लागेल तुला."